सुटका महाराजांचं भूत

ताईचा धाकटा भाऊ ताठ होऊन जमिनीवर कोसळला, तसा सारा हॉल टाळ्यांनी दुमदुमला. डोळे पांढरे झालेले, दातखीळ बसलेली, टाचा फरशीवर थाडथाड आपटत होत्या. टायरच्या दुकानावरचा तो भाड्याचा हॉल. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून लोक खिडक्यांत चढून बसले होते.

"बघा, बघा, कसं हातपाय झाडतंय!" सुटका महाराज माइकवर गरजले. "अहो, इतकी वर्षं फुकट राहिलेला भाडेकरू हा! सुखासुखी घर सोडेल का? निघालं, बाटलीतलं भूत निघालं! वाजवा टाळ्या!"

ताईनंही वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत.

महाराजांचा नियम सोपा होता. दारुड्याला घरात कोंडायचं. दारूचा थेंब नाही, औषधाची गोळी नाही. दोन रात्री उलटल्या की हॉलवर आणायचं. भूत आपणहून निघतं. आणि निघायचंही! कुणी लटलट कापायचा, कुणी हवेतले किडे वेचायचा, एखादा असा आडवा व्हायचा. ज्याला काहीच व्हायचं नाही, त्याचं भूत म्हणे घाबरून वाटेतच पळालेलं. आणि घरी नेल्यावर कुणी दगावलाच, तर घरच्यांची श्रद्धा कमी पडली. महाराज कशातच हरत नसत.

ताई शिवणकाम करायची, भाऊ छापखान्यात मशीन चालवायचा. आई गेल्यापासून तो तिच्याकडेच राहत होता. रडून झालं, अबोला धरून झाला. "तुला माझ्यापेक्षा बाटली प्यारी," हे तर तिचं रोजचं. शेवटी शेजारणीनं महाराजांचं नाव सांगितलं.

टाळ्या थांबल्या, पण भाऊ शुद्धीवर येईना. घरी नेताना टॅक्सीत त्याला दुसरा झटका आला. ड्रायव्हरनं एकदा मागे पाहिलं आणि न विचारता गाडी दवाखान्याकडे वळवली.

"शेवटची दारू कधी घेतली होती?" डॉक्टरबाईंनी सलाईन लावता लावता विचारलं.

ताईनं सगळं सांगितलं. बाईंच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"दारू मेंदूचा ब्रेक दाबते," त्या म्हणाल्या. "रोज पिणाऱ्याचा मेंदू मग गाडी चालू राहावी म्हणून ॲक्सिलरेटरवर पाय देऊन बसतो. दारू एकदम तोडली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर तसाच राहतो. मग घाम, थरथर, भास, झटके. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं जोरावर येतं. तुमच्या महाराजांना भूतबित काही दिसत नाही. त्यांना फक्त वेळ साधता येते."

"म्हणजे मी त्याला..."

"थोडक्यात वाचलाय."

ताई भावाच्या खाटेशी जाऊन बसली.

भाऊ बोलायला लागला तेव्हा त्याची जीभ चावली जाऊन सुजली होती. तो अडखळत डॉक्टरबाईंना म्हणाला, "चव तर मला कित्येक वर्षांत आवडलेली नाही हो. घशाखाली उतरताना किळस येते. पण कामावरचा भोंगा वाजला की पाय कोपऱ्यावरच्या गुत्त्याकडेच वळतात."

"आवडणं वेगळं आणि ओढ लागणं वेगळं," बाई म्हणाल्या. "मेंदूत दोन्हींची कामं वेगवेगळी चालतात. दारूनं ओढीची वाट रुळवून ठेवलीय. भोंगा, तो कोपरा, तो वास, एवढ्यानं ती जागी होते. गोळ्यांनी ती मवाळ होईल, नवी वाटही पडेल. पण वेळ लागेल आणि अधूनमधून पाय घसरेलही. ते पाप नव्हे."

म्हणजे रोज ती त्याला जे ऐकवत आली, ते खोटंच होतं. ताईनं पदर तोंडाशी धरला.

बाई गेल्यावर भावानं विचारलं, "तायडे, मी दार ठोठावत होतो, ते ऐकू आलं होतं तुला?"

नाही म्हणायला जीभ वळली होती. पण तिनं होकाराची मान हलवली. "आलं. 'अंगावर मुंग्या चढतायत, दार उघड' म्हणत होतास. मी शिलाई मशीन जोरात चालवलं. ऐकू येऊ नये म्हणून."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "त्या हॉलवर अजून कुणाला तरी आणतील. जा."

ताई डॉक्टरबाईंना घेऊनच हॉलवर गेली. पहिल्या रांगेत एक म्हातारी आपल्या लेकाला घट्ट धरून बसली होती. त्याचे हात कापत होते.

"मावशी, याला कोंडलं होतं ना? घामानं अंथरूण भिजलं? भिंतीवर काहीबाही दिसतं म्हणाला?"

"अगं बाई! तुला कसं गं कळलं?"

"मी काही महाराज नाही. माझ्या भावाचंही असंच झालं. मागच्या खेपेला इथंच पडला तो, आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. तो मरत होता हो!"

"श्रद्धा डळमळली की भूत असं तोंड उघडतं!" महाराजांनी माइक ओढला. "बाहेर काढा हिला!"

दोघे-तिघे उठले. डॉक्टरबाई मध्ये उभ्या राहिल्या. "हात लावा, पोलिसांनाच बोलावते. महाराज, हा माणूस आता इथं कोसळला तर काय कराल? एक तरी इंजेक्शन आहे जवळ?"

महाराजांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली.

"डोळे मिटू नका, उत्तर द्या!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं. काही हसले, काहींनी त्यालाच दटावलं.

ताई म्हातारीजवळ खाली बसली. "मावशी, भूत नाही. आजार आहे. दारू सुटते, पण डॉक्टरच्या हाताखाली. रोज पिणाऱ्याची एकदम तोडू नका, कोंडू नका, आणि त्याच्या नावानं बोटं मोडू नका. मी हे सगळं करून बसले आहे. उठा, या डॉक्टरबाई सोबत आहेत."

म्हातारीनं एकदा मंचाकडे पाहिलं आणि लेकाच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं ताईनं त्याला धरलं. मागे निम्मा हॉल अजून जागचा हलला नव्हता.