काचेतला कर्णा

मित्रांनो, जरा जवळ या. आणखी जवळ. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा म्हणतो आहे, कारण मी एक जुना कर्णा आहे आणि लोकांना लांब पळवणं हेच माझं काम होतं. आज माझ्या पोटात सेल नाहीत, तोंडापुढे काच आहे आणि काचेवर पाटी आहे: ‘कृपया शांतता राखा’. कर्ण्याच्या पेटीवर लावायला याहून चांगलं काही कुणाला सुचलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरं तोंड, निळी मूठ आणि मुठीवर दोन बटणं. काळं बटण दाबून बोललं की बोलणं मोठं होतं. खरं होत नाही, फक्त मोठं होतं. लाल बटण दाबलं की मी स्वतःच किंचाळतो. दोन्ही बटणं अगदी शेजारी शेजारी बसवली आहेत. ज्याने ती तशी बसवली, त्याला त्या दिवशी घरी जायची घाई असावी.

मला विकत घेतलं नदीकाठच्या एका लॉन्ड्रीने. तिथे रुग्णालयांच्या चादरी धुवायला येत. यंत्रं इतकी धडधडायची की एकाने ‘आग लागली’ म्हटलं, तर दुसरा ‘माझंही तसंच’ म्हणून कामाला लागायचा. म्हणून मला मोठीबाईंच्या हातात दिलं. मोठीबाई तिथल्या मुकादम. उंचीने एवढ्याशा, पण नाव आवाजावरून पडलेलं.

“चार नंबर, चादरी बाहेर काढा, झोप लागली त्यांना आत!” त्या माझ्यातून ओरडायच्या. “आणि इस्त्रीवाले मामा, ती उशीची खोळ आहे, तुमचा लग्नातला सदरा नव्हे! हात चालवा!”

“अगं बाई, मी तुझ्या पुढ्यातच उभा आहे,” मामा कानात बोट घालून म्हणायचे. “कर्ण्यातून काय सांगतेस?”

संध्याकाळी मोठीबाई मला कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि “माझा पोपट तो” म्हणायच्या. मी पोपट पाहिला आहे. आमच्यात काहीही साम्य नाही. पण कौतुक ते कौतुक.

लॉन्ड्रीच्या मागे वरची गल्ली आणि पुढे, नदीला अगदी खेटून, खालची गल्ली. खालच्या गल्लीत मोठीबाईंची धाकटी बहीण राहायची. मोठीबाई तिला छकुली म्हणायच्या, छकुली चाळिशीची होती तरी. ती खिडकीत बसून शिवणाचं मशीन चालवायची. बांधावर एका उंच खांबावर भोंगा होता. तो माझा थोरला भाऊ समजा. पाणी वाढलं की तो वाजायचा आणि खालची गल्ली टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे पळायची. बिघडलेला तर नाही ना, हे बघायला दर सोमवारी त्याला थोडा वाजवत.

अशाच एका सोमवारी नदीकाठच्या नव्या पायवाटेचं उद्घाटन होतं. इथला कारभार चालवणाऱ्या सभागृहाचे थोरले सदस्य भाषण करत होते. भाषण ‘या शांत, निवांत नदीकाठी’ इथवर आलं आणि माझ्या भावाने आपलं काम केलं. पुढच्या आठवड्यात खांब काढून नेला. तात्पुरता. त्याच्या जागी हंसाच्या आकाराचा दिवा आला. मोठीबाई सभागृहाच्या कचेरीत विचारायला गेल्या की उत्तर मिळायचं, “तात्पुरताच काढलाय हो.” हंसाचा उजेड छान पडायचा. उजेडाचा आवाज येत नाही, ही एकच अडचण होती.

मग तो पूर आला. भरदुपारी, कामाची पाळी ऐन भरात असताना. मोठीबाईंनी दारातून पाहिलं तर हंसाची फक्त मान पाण्यावर होती. त्यांनी मला उचललं, लाल बटण दाबलं आणि धावत सुटल्या. वरची गल्ली रिकामी झाली. मग त्या खालच्या गल्लीकडे वळल्या. कोपऱ्यावरच पाणी कमरेला लागलं. “छकुले! वर ये! छकुले!” त्या माझ्यातून ओरडत राहिल्या. पावसामुळे तिकडच्या खिडक्या बंद होत्या आणि आतमध्ये शिवणाची मशिनं चालू होती. माझा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. भावाचा पलीकडच्या काठावर जायचा.

मी जेवढा होतो, तेवढा ओरडलो. खालच्या गल्लीतली बरीच माणसं गेली. छकुलीही गेली. यावर मी गंमत करणार नाही.

उरलेली माणसं लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर, इस्त्रीच्या टेबलांवर झोपू लागली. त्यांनी आपसात एक नियम केला. लाल बटण वाजलं की प्रश्न विचारायचा नाही. हातातलं टाकायचं, म्हाताऱ्यांना उचलायचं आणि टाकीच्या पायऱ्या चढायच्या. ‘खरंच का?’ असं म्हणायचं नाही. मोठीबाई स्वतः पाणी बघून येईपर्यंत खाली उतरायचं नाही. वरच्या अंगाला पाऊस अजून चालूच होता, म्हणून माझे सेल जपून ठेवले होते. जेवायला बोलवायचं तरी लोक ताटल्या वाजवत.

इकडे सभागृहाने आम्हाला पाठिंब्याचा ठराव केला. तो एकमताने झाला. पुराच्या बाजूने बोलायला कुणीच उभं राहिलं नाही. मग सदस्यांनी ठरवलं की पाठिंबा समक्ष जाऊन दाखवायचा.

ते आले. सगळ्यांच्या अंगात नवेकोरे रेनकोट आणि पायांत नवेकोरे गमबूट. एकाच्या बाहीला किमतीचं लेबल लोंबत होतं. व्यासपीठ हवं म्हणून लोकांची झोपायची टेबलं एकाला एक जोडली. वीज नव्हती, त्यामुळे माइक मुका. तेवढ्यात त्यांच्या सचिवांना मोठीबाईंच्या मांडीवर मी दिसलो.

“बाई, तो कर्णा द्या जरा.”

“सेल कमी आहेत. तो पाण्यासाठी ठेवलाय.”

“पाचच मिनिटं.”

“का हो, एवढी माणसं आलीत, घसे घरी ठेवून आलीत का?” इस्त्रीवाल्या मामांनी विचारलं.

थोरले सदस्य पुढे झाले. “बाई, आम्ही तुमचं ऐकायलाच आलोय. आमचं झालं की तुम्ही बोला.”

मोठीबाईंना एकच गोष्ट विचारायची होती: खांबावरचा भोंगा परत कधी लावणार? त्यासाठी त्यांनी मला सोडलं. एकेक बोट करून.

पहिले सदस्य म्हणाले, “आम्ही तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहोत!”

“पाठीशी नको,” मामा म्हणाले. “नदीच्या बाजूला उभे राहा.”

दुसऱ्या सदस्य बाई म्हणाल्या की त्याही पाठीशी आहेत. तिसरे म्हणाले की ते तर आधीपासूनच पाठीशी होते. त्यांच्यात त्यावरून थोडी कुरबूर झाली. माझे सेल उतरत चालले. आवाज पडसं झालेल्या बोकडासारखा येऊ लागला. शेवटी मी थोरल्या सदस्यांच्या हातात आलो.

“साहेब,” मोठीबाई उठून उभ्या राहिल्या, “सेल संपत आलेत. भोंगा कधी लावता तेवढं सांगा आणि कर्णा इकडे द्या.”

“त्याच मुद्द्यावर येतोय,” थोरले सदस्य म्हणाले. ते त्या मुद्द्याच्या आसपासही नव्हते. ते लहानपणी पोहायला कसे शिकले, ते सांगत होते. आवाज फारच बारीक येतो आहे असं वाटून त्यांनी अंगठा सरकवला. लाल बटणावर.

उरलासुरला जीव गोळा करून मी किंचाळलो.

सगळी माणसं उठली. ना गडबड, ना प्रश्न. मामांनी शेजारच्या आजींना पाठुंगळी घेतलं.

“अरे, चुकून दाबलंय त्याने! मी बघितलं ना!” आजी त्यांच्या पाठीवरून ओरडत होत्या.

“आजी, विचारायचं नाही असं ठरलंय.”

“मी विचारत नाहीये मेल्या, सांगतेय!”

“सांगायचंही नाही.”

मोठीबाईंनीही तो अंगठा पाहिला होता. त्यांनी सदस्यांकडे एकदा बघितलं आणि त्याही निघाल्या. एकदा शंका घेतली की दुसऱ्यांदा लोक थांबून विचार करतात, हे त्यांना ठाऊक होतं.

व्यासपीठापुढे आता फक्त चपला होत्या. “हा उघड उघड बहिष्कार आहे,” एक सदस्य म्हणाले. दुसऱ्यांना वाटलं, लोक चहा आणायला गेले असतील. थोरले सदस्य मला घेऊन दाराशी आले. समोर टाकीच्या पायऱ्यांवर सगळी वस्ती बसली होती आणि सगळ्यांत वरून मोठीबाई हात हलवत काहीतरी ओरडत होत्या.

“काय म्हणता? ऐकू येत नाही!” थोरले सदस्य माझ्यातून म्हणाले.

त्या पुन्हा ओरडल्या.

“बाई, ऐकू येत नाही!”

मग त्यांनी खालच्या पायरीवरच्या माणसाला निरोप सांगितला. त्याने त्याच्या खालच्याला. निरोप पायरी पायरी उतरत आला आणि सगळ्यांत खाली बसलेल्या न्हाव्याने तो पोचता केला. “मोठीबाई म्हणतायत, ऐकू येत नाही, तेच सांगतोय केव्हापासून.”

“पण तुम्ही सगळे वर का गेलात?” सचिवांनी विचारलं.

“लाल बटण वाजलं म्हणजे पाणी आलं,” न्हावी म्हणाला.

पुढची धावपळ बघण्यासारखी होती. एक गमबूट चिखलात राहिला, तो राहिलाच. पायऱ्यांवर कुणी तसूभर सरकलं नाही. सदस्य माणसांच्या मधल्या फटींत एका पायावर उभे राहिले. वरून पाऊस.

“आम्ही तुमच्यासोबत उभे आहोत,” एक जण सवयीने म्हणाला.

“दिसतंय,” मोठीबाई म्हणाल्या. “बसा म्हणणार नाही.”

“बाई, पाणी बघून या ना,” थोरले सदस्य काकुळतीला आले. “तुम्ही बघितल्याशिवाय उतरायचं नाही म्हणे.”

“भोंगा कधी?”

“अहो, आधी पाणी तर बघा...”

“भोंगा कधी?”

असं बराच वेळ चाललं. शेवटी भिजून चिंब झालेले थोरले सदस्य म्हणाले, “पुढच्या अधिवेशनाआधी त्याच जागी भोंगा उभा राहील. शब्द देतो!” मोठीबाई खाली गेल्या आणि पाणी बघून आल्या. पाणी जागच्या जागी होतं.

मित्रांनो, त्यांनी शब्द पाळला. भोंगा उभा राहिला. सिमेंटचा. तीन पुरुष उंच, हुबेहूब माझ्यासारखा, नदीकडे तोंड करून. दोन्ही बाजूंना हंस. उद्घाटनाला मोठीबाईंनी त्याच्यावर हात ठेवला.

“हा वाजतो कुठून?”

“हे प्रतीक आहे, बाई,” थोरले सदस्य म्हणाले.

“म्हणजे वाजत नाही.”

“यातून भावना वाजतात.”

मोठीबाईंनी त्याच्यावरचा हात काढून घेतला. त्यांचं बोलणं मोठं करायला मी त्यांच्याजवळ नव्हतोच. ‘जतन करण्यासाठी’ म्हणून मला आधीच नेलं होतं आणि त्याच सिमेंटच्या पायथ्याशी काचेच्या पेटीत ठेवलं होतं. सेल काढून घेतले, कारण ते पाझरले तर मी खराब होईन. रखवालदार मला रोज पुसतो. इतकी काळजी माझी जन्मात कुणी घेतली नाही आणि इतका निरुपयोगी मी जन्मात कधी नव्हतो.

खालच्या गल्लीत लोक परत राहायला आले आहेत. दुसरीकडे जाणार कुठे? छकुलीच्या खिडकीत आता एक बाई मुलीची वेणी घालत बसते. पाऊस आला की खिडकी लावून घेते.

मित्रांनो, वस्तूला नुसतं पुसणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. ती ज्या कामासाठी आहे, ते काम तिला करू द्या. पाठिंब्याचंही तसंच असावं. पण मी पडलो कर्णा, मला ओरडण्यापलीकडचं फारसं कळत नाही.

मोठीबाई दर सोमवारी येतात. पाटी वाचल्यासारखं करतात आणि पेटीजवळ वीट नसेल तर एक ठेवून जातात. रखवालदार पूर्वी ती उचलून फेकायचा. मग एकदा त्याने खालच्या गल्लीत खोली भाड्याने घेतली. आता तो विटेच्या भोवतीनेच झाडतो.

तेव्हा नदी फुगलेली दिसली, तर माझ्याकडे बघत उभे राहू नका. पाटी वाचू नका. वीट उजव्या हाताला आहे. नवे सेल तिच्याखाली, पिशवीत आहेत. बटण लाल.