सतरा घरांची मोकळी जागा

साडेसहाला नळाला पाणी आले. पद्मनाभने दोन घागरी भरल्या. तिसरी अर्धी झाली तोच धार बारीक होऊन थांबली. त्याने दूध तापत ठेवले, कॉफी गाळली आणि दाढीचा साबण गालांना फासला, तेवढ्यात सकवारबाई दारात उभी राहिली. त्याची ही थोरली बहीण महादेवपुऱ्याहून पहिली बस धरून जयनगरला आली होती.

"बस अक्का. कॉफी घे."

"कॉफी मग. आधी हे वाच स्वल्प. सरकारी कन्नड मला कळत नाही."

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा तिने आणि सोळा शेजाऱ्यांनी हरकत घेतली होती. आमच्या घरांवर उद्यानाचे आरक्षण टाकू नका, एवढीच. तिने पुढे केलेल्या कागदावरचे उत्तर एका ओळीचे होते: नकाशानुसार सदर जागा मोकळी असल्याने हरकत अमान्य.

"मोकळी? मग मी काय झाडावर राहते?" अक्का उसळली. "कुठला आंधळा रे हा, पद्दू? तुझ्याच हापीसातला ना? कानाला धरून आण त्याला!"

पद्मनाभने गालांवरचा साबण तसाच पुसून टाकला. नियोजन कार्यालयात तो आरेखक होता आणि तो नकाशा तीन वर्षांपूर्वी, एक्याण्णव साली, त्यानेच काढला होता. मोजणीदाराच्या वहीत सतराही घरे होती. परवानगीविना बांधलेली घरे घ्यायची की नाही, हे तेव्हा आरेखकावर सोडत. नकाशात दिसली नाहीत तर पाडायलाही कोणी जाणार नाही, अशा भाबड्या मायेने त्याने ती गाळली होती.

"बघतो मी," तो कसाबसा म्हणाला.

"तू आहेस म्हणून तर झोप लागते. सरी, ठीक आहे, आण आता कॉफी."

कार्यालयात पोचताच तो नियोजन अधिकारी उपेंद्र यांच्यासमोर उभा राहिला. "साहेब, ती जागा मोकळी नाही. चूक माझी आहे. माझी बहीण राहते तिथं."

उपेंद्रांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. "बहिणीचं नाव काढू नका, पद्मनाभ. उलट तुमचीच चौकशी लागेल. आणि उद्यानाला दुसरी जागा कुठून आणू? बंगलेवाले देतील? मंजुरीसाठी प्रती उद्या जायच्यात. मूळ नकाशा आजच छपाईला द्या."

दुपारी शेजारच्या टेबलावरच्या नरसिंहने जेवायला हाक मारली, "चला, बिसिबेळे भात संपेल!"

"व्हा तुम्ही पुढे."

खोली रिकामी झाली. छापील प्रतींवर त्या जागी हिरवा रंग भरला जाणार, आरक्षण टळणार नाही, हे तो जाणून होता. तरीही त्याने कपाटातून मोजणीदाराची वही काढली आणि मूळ नकाशावर शाईने, मापाबरहुकूम, एकेक घर बसवले. अक्काचे अकरावे होते. तिथेही त्याचा हात भरभर चालला नाही की रेंगाळला नाही. सतरावे झाल्यावर त्याने कोपऱ्यात 'दुरुस्ती' असे लिहिले, खाली तारीख घातली आणि पूर्ण नावाने सही केली.

शाई वाळेपर्यंत तो थांबला. मग नकाशाची गुंडाळी करून त्याने ती छपाईच्या खिडकीत दिली.

"किती प्रती?" आतून विचारणा झाली.

"वीस," तो म्हणाला आणि पोच घेऊन आपल्या टेबलाकडे वळला.