काळ्या विहिरीची उंटीण

हिबाकने ओल्या चादरी ड्रायरमध्ये कोंबल्या, दार गुडघ्याने लोटलं आणि इस्त्रीच्या टेबलावर उभा करून ठेवलेल्या फोनला म्हणाली,

"चारडोळ्या, आता बास. तुझी दोन मिनिटं कधीच संपली."

"दोन मिनिटांत तुमच्या मंत्र्याची पदवीसुद्धा वाचून होत नाही, कात्रीताई," फोनमधून आवाज आला. "खोटी असली म्हणून काय झालं, लांबलचक आहे."

पडद्यावर हसरे चेहरे भराभर वर गेले. हिबाकलाही हसू आलं, पण ते आवाजात येऊ न देता तिने त्याचा माइक बंद केला.

गोटेबोर्गच्या त्या इमारतीत सगळ्या बिऱ्हाडांना मिळून तळघरात एकच धुलाईखोली होती. शनिवारी आठ ते बारा हिबाकची पाळी. मशीन फिरत असायचं आणि फोनवर तिची बैठक भरायची. बैठकीचं नाव होतं ‘बसल्याजागी लढाई’. कार्डिफ, टाम्पेरे, मिनियापोलिस, पर्थ, जिथे जिथे आमची, उंट पाळणाऱ्या मुलखातली, माणसं जाऊन पडली आहेत तिथून तीन-साडेतीनशे जण यायचे, देशाचं कसं वाटोळं झालं यावर तावातावाने भांडायचे आणि ताजेतवाने होऊन कामाला लागायचे. खरं नाव कुणी विचारत नसे. आमच्यात आईबाप ठेवतात ते नाव कागदापुरतं. लोक ठेवतात ते जन्माला पुरतं. चष्मा लागला तो चारडोळ्या. पाय आखूड पडला तो लंगडा. माइक कापणारी हिबाक ती कात्री, आणि तिची जीभही त्याच कारखान्यातली.

मिनेसोटात ट्रक चालवणारा चारडोळ्या हे तिचं खास गिऱ्हाईक. तिच्या लोकांत आणि त्याच्या लोकांत यंदा पाण्यावरून जुंपली होती. तिच्या लोकांची काळी विहीर, त्याच्या लोकांची दोन बाभळींची. मधली वाट सहा तासांची, पण चार माणसं मेल्यापासून त्या वाटेवर कुणी पाऊल ठेवत नव्हतं. ते रक्त तिथलं. इथे दोघं एकमेकांना टोमण्यांनी मारत होते, दोन वर्षं, एकही शनिवार न चुकवता.

हिबाक ड्रायरच्या जाळीतला कापूस काढत होती, तेवढ्यात एक नवा आवाज आला. घोगरा, दमलेला. मागे वारा वाजत होता. कुणी पुरुष कुठल्यातरी उंटिणीबद्दल सांगत होता.

चारडोळ्याच्या कंपूची ही जुनी खोडी होती. रानातल्या माणसाचा आवाज काढून यायचं आणि ‘तुमचा एक मंत्री हरवलाय, चार पायांचा’ म्हणून सुरुवात करायची. हिबाकने अर्धवट ऐकलं, कापसाचा गोळा डब्यात टाकला आणि फोनवर वाकली.

"दादा, इथे उंट मिळायचे नाहीत. उंटासारखी माणसं हवी तेवढी आहेत, एखादं घेऊन जा."

आणि तिने कापलं. हसरे चेहरे वर गेले. मग अचानक थांबले.

"कात्री." कार्डिफच्या लंगड्या आदनकाकांचा आवाज होता. जन्मभर जहाजावर काढलेला हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस बैठकीत महिन्यातून एकदा बोलत असे. "पोरी, तो चेष्टा करत नव्हता. तो बादी विचारत होता."

हिबाकचा हात ड्रायरच्या बटणावरच राहिला.

हरवलेलं जनावर म्हणजे बादी. ती विचारत कुणी दारात आला तर, तो बापाचा खुनी असला तरी, त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, पाहिलं असेल ते सांगायचं आणि नसेल पाहिलं तर पुढच्याला सांगायचं. हे हिबाकला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला शिकवावं लागत नाही, तसंच ते. आणि तिने त्याला साडेतीनशे माणसांसमोर हसून हाकललं होतं.

"मला वाटलं..." ती म्हणाली. तिने त्याला परत बोलवायला बोट ठेवलं. तो गेला होता. त्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे होते. "काकांनो, मावश्यांनो, कुणी ऐकलं का? तो काय म्हणाला? मी नीट ऐकलंच नाही."

काका खाकरले. मग त्यांनी त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे सांगितले, तोच क्रम, तेच थांबे, मधेच त्याने दम घेतला होता तिथे त्यांनीही घेतला.

"माझं नाव ओडोवा. काळ्या विहिरीच्या टेकडीवरून बोलतोय. पांढरी उंटीण, पाच वेतांची, नाकाची कड काळी. उजव्या मांडीवर दोन आडव्या रेघा, खाली एक टिंब. डावा कान चिरलेला. गळ्यात लाकडी घंटा, एका बाजूने तडकलेली. मंगळवारी गेली. पिल्लू माझ्याजवळ आहे, शेळीचं दूध पीत नाही, आज उभं राहिलं नाही. विहीर आटली. उद्या पहाटे सगळे हलणार आहेत. मी थांबू की जाऊ, तेवढंच सांगा."

खोलीत फक्त मशीनची घरघर राहिली. हा माणूस साठ वर्षं समुद्रावर आणि समुद्राकाठी राहिला होता, आणि एका अनोळखी माणसाचं एकदा कानावरून गेलेलं बोलणं त्याने जसंच्या तसं तिच्या हातात ठेवलं होतं.

मग बैठक उठली. म्हणजे बसल्याजागीच, पण उठली. मंत्री राहिला, पदवी राहिली. टाम्पेरेच्या लदनची बहीण डांबरी सडकेवर चहाचं खोपटं चालवायची. लदनने तिला फोन लावला, तिने एका मोटरसायकलवाल्याला टेकडीकडे पिटाळलं. पर्थच्या कुणा आत्याने पाण्याच्या टँकरवाल्याला गाठलं. एरवी एकमेकांचं वाक्य पुरं होऊ न देणारी माणसं ओळीने बोलत होती: मी अमक्याला विचारलं, त्याने पाहिली नाही, तो पुढे विचारतोय. पुढचा. मी तमक्याला विचारलं. पुढचा. हिबाकला कात्री चालवावी लागली नाही.

"चारडोळ्या कुठे गेला?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांच्या मनात तेच आलं असणार. उंटीण दक्षिणेला गेली असेल तर ती त्यांच्या हद्दीत. आणि त्यांच्या हद्दीत गेलेलं आपलं जनावर, ते यंदा कोण सांगणार?

पावणेबारा वाजता तो परतला. मागे ट्रकचं इंजिन ऐकू येत नव्हतं. कुठेतरी कडेला उभा केला असावा.

"ती आमच्याकडे आहे," तो म्हणाला.



"बुधवारी दोन बाभळींच्या विहिरीवर आली. रेघा, टिंब, तडकलेली घंटा. मामला सरळ आहे, खूण कुणाची ते तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. चुलत्याने तिला पाणी पाजलं. पिल्लू नाही म्हणून दूध सोडत नव्हती, सड सुजायला लागले, तर माझी आई शेजारी बसून गाणं म्हणते, तेव्हा थोडं सोडते. चार दिवस वाट पाहतायत, कुणीतरी विचारत येईल. पण विचारायला येणार कोण? वाट बंद."

हिबाकने इस्त्रीच्या टेबलाला हात टेकला. दोन विहिरींत सहा तासांचं अंतर होतं. तेवढं कापायला एका माणसाच्या हाकेला गोटेबोर्गचं तळघर, कार्डिफची खुर्ची आणि मिनेसोटातली हमरस्त्याची कड फिरून यावं लागलं होतं. आणि त्यातही तिने ती मधे अडवली होती.

"आता नेऊन कोण पोचवणार?" लदनने विचारलं. "पुरुष गेला तर गोळी खाईल."

"आई नेईल," चारडोळ्या म्हणाला. "पहाटे निघेल, कोरड्या नदीपर्यंत. तिला कुणी हात लावणार नाही. ती मूळची तिकडचीच आहे."

"तिकडची म्हणजे?"

"काळ्या विहिरीची."

हिबाकचा आवाज चढला. "म्हणजे तू आमच्या मुलीचा मुलगा? अरे गाढवा, तू माझा भाचा लागतोस! दोन वर्षं मी तुझ्या सात पिढ्या काढतेय!"

"हो मावशी. त्यातल्या निम्म्या तुमच्याच होत्या."

या वेळी हसणं खरं होतं, माइक उघडे टाकून. ते ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "मी भांडायला येत नव्हतो. इकडे माझ्या आईसारखं बोलणारं दुसरं कुणी भेटत नाही."



बारा वाजले. दारात बेरित, तिसऱ्या मजल्यावरची, कपड्यांची टोपली घेऊन उभी राहिली. पाळीचं वेळापत्रक ही तिच्या दृष्टीने जगातली शेवटची पवित्र गोष्ट. तिने घड्याळावर बोट ठेवलं.

"बेरित, पाच मिनिटं," हिबाक म्हणाली. "एक उंटीण हरवली आहे."

बेरितने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग टोपली खाली ठेवली आणि बाकावर बसली.

तेवढ्यात पडद्यावर ते आकडे दिसले. हिबाकने झटकन माइक दिला.

"अस्सलामु अलैकुम," घोगरा आवाज म्हणाला. "मोटरसायकलवाल्याने बोलवलं. फोनमध्ये जीव थोडाच आहे, दोन टक्के. तुम्ही सगळे सुखरूप ना?"

"सुखरूप, दादा, ऐका—"

"मुलंबाळं? म्हातारी माणसं? तिकडे पाऊस झाला का?"

रीत ती रीत. आधी खुशाली, मग गरज. ज्या माणसाचं पिल्लू उभं राहत नव्हतं तो शेवटचे दोन टक्के जगाची खुशाली विचारण्यात घालवत होता.

"अरे बाबा, मसणात गेली रीत!" लंगडे आदनकाका कार्डिफहून ओरडले. "बोल पोरी, बोल!"

"ओडोवादादा, उंटीण सापडली. दोन बाभळींवर आहे. उद्या एक बाई घेऊन येईल, तुम्ही हलू नका, पिल्लाला घेऊन कोरड्या—"

आकडे विझले.

त्याने किती ऐकलं, कुणालाच माहीत नव्हतं. मोटरसायकलवाला परत गेला होता, त्याचा फोन लागेना. हिबाकने न वाळलेल्या चादरी तशाच उचलल्या. बेरित एक टोक धरून तिला घडी घालू लागली.

रविवारी सकाळी नऊला, नेहमीची वेळ नसताना, हिबाकने बैठक उघडली. तव्यावर लहोहची जाळीदार पोळी टाकलेली होती, तिच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. पाच मिनिटांत सहाशे माणसं आली. चारडोळ्याने आईचा फोन जोडला होता. त्यातून पावलं ऐकू येत होती, एका बाईचा श्वास, आणि एक लाकडी घंटा, तडकलेली, ठक्‌ आणि मग अर्धा ठक्‌.

"आई, कुणी दिसतंय?"

"नदी आली," त्याची आई मूमिनो म्हणाली. "माणूस नाही. गुरं हलल्याची माती आहे सगळीकडे. गेले वाटतं."

दारावर टकटक झाली. बेरित होती, हातात एक छोटा मोजा. "मशीनमध्ये राहिला होता," ती म्हणाली, मग दबक्या आवाजात, "मिळाली का?" हिबाकने तिला आत ओढलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

फोनमध्ये घंटा थांबली.

"काय झालं, आई?"

"ही पुढे चालत नाही. कान उभे केलेत."

मग उंटीण ओरडली. स्वयंपाकघरातल्या बशा थरारल्या असं हिबाकला वाटलं. पलीकडून बराच वेळ काही नाही. वारा. आणि मग, लांबून, अगदी बारीक, चिरका, रागावलेला असा एक आवाज. पिल्लाचा.

"खांद्यावर घेऊन येतोय," मूमिनो म्हणाली. "वेडा आहे. एवढं मोठं पिल्लू खांद्यावर घेऊन पळतोय."

सहाशे माणसांनी त्या माणसाचं धापा टाकणं ऐकलं. दोघांची खुशालीची विचारपूस ऐकली, पूर्ण, एकही प्रश्न न गाळता. पिल्लाचं लुचणं ऐकलं. मग ओडोवाने फोन हातात घेतला.

"काल मला हाकलणारी बाई आहे का?"

"आहे," हिबाक म्हणाली. "दादा, माझं चुकलं."

"तुझी जीभ तिखट, पण पायगुण चांगला. तुझं बोलणं ‘कोरड्या’पर्यंत आलं. कोरडं तर इथे सगळंच आहे, पण नदी एकच. एवढे लोक जागे राहिलात माझ्यासाठी. तुम्हाला एकेक घोट द्यायला हवा. देता येत नाही, तर निदान ऐका."

त्याने फोन खाली ठेवला असावा. लाकडी भांड्यावर दुधाची पहिली धार वाजली, कोरडी, टणक. मग दुसरी. मग भांड्यात दूध साठलं तसा आवाज जाड होत गेला, फेसाळला. हिबाक लहान असताना हा आवाज रोज तिच्या उशाशी असे. तीस वर्षांत तिला त्याची आठवणही झाली नव्हती. आपल्याकडे एवढं होतं, या विचाराने ती थक्क होऊन उभी होती. बेरित मोजा घट्ट धरून होती. लहोह जळली.

त्या शांततेत, सहाशेंपैकी कुणाचातरी माइक उघडा राहिला होता. त्यातून स्पष्ट, मोठा, घोट गिळल्याचा आवाज आला.

हिबाकचं बोट सवयीने पडद्याकडे गेलं. तिने ते मागे घेतलं आणि माइक तसाच चालू राहू दिला.