कावळीची टेप

"परक्याच्या घरात येऊन मशीनला हात लावायचा म्हणजे काय? सांग तू मला!"

माईनं सवाल सुनेला केला होता, पण आवाज असा लावला होता की तो बाहेरच्या खोलीपर्यंत पोचावा. पोचला नाही. बाहेर एक गिटार शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी किंचाळत होती आणि तिच्यापुढे माईचंही काही चालेना.

"आई, हळू. ऐकतील ना त्या."

"ऐकू दे की! मी या घरात आल्यापासून त्या मशीनवर फडकं मारायला गेले तर हे अंगावर धावून येतात. सुई मोडेल, तबकडीवर चरा पडेल. पोरांना हात लावू दिला नाही, मला तर नाहीच नाही. आणि ही? आली काय, बसली काय, तिसऱ्याच रविवारी सुई उचलते! आणि हे काय करतात? गालातल्या गालात हसतात."

"त्यांना येतं ते हाताळायला," सून म्हणाली.

"मलाही आलं असतं. शिकवलं असतं तर."

सुनेनं गाळणी धुवायला घेतली.

माईचे यजमान जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, म्हणून सारं गाव त्यांना मिस्त्री म्हणे. नोकरी संपली, पण रविवारची दुपार संपली नाही. तरुणपणी त्यांना परदेशी गाण्यांचं जे वेड लागलं ते केस पिकले तरी उतरलं नव्हतं. लांब केसांचे, घट्ट विजारी घातलेले ते गाणारे कधीच आजोबा झाले असतील, काही तर गेलेही. पण बाहेरच्या खोलीत ते दर रविवारी नव्या दमानं ओरडत. ऐकायला गणिताचे मास्तर येत, आणखी दोघं-तिघं येत. नियम एकच. तबकडीची एक बाजू वाजत असेतोवर कुणी तोंड उघडायचं नाही. बाजू संपली, सुई रिकामी खरखरायला लागली, की आतून चहा आणि बाहेर भांडण, दोन्ही एकदम सुरू.

माईची शाळा तिसरीतच सुटली होती. तबकड्यांच्या कव्हरांवरची ती परदेशी अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसत. पण चित्रं तिनं पाठ केली होती. हा फुटक्या आरशाचा अल्बम, तो जळत्या खुर्चीचा, तो बोडक्या झाडाचा. मास्तरांना कुठला आवडतो, कुठला लागला की हे डोळे मिटतात, हेही तिला ठाऊक होतं. ते ठाऊक असणं कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आणि आता ही आली होती. गल्लीच्या तोंडाशी जिचं चष्म्याचं दुकान, ती चष्मेवाली. पन्नाशीची, केस कापलेले, हसायची तर पुरुषासारखं मान मागे टाकून. मिस्त्री चष्मा करायला गेले, दुकानात त्यांच्या आवडीचं काहीतरी वाजत होतं, आणि तिथून हे शेपूट मागे लागलं.

चहाचा ट्रे घेऊन माई दारात आली तेव्हा मास्तर तावातावानं सांगत होते, "अहो, स्टुडिओत बसून, शंभर वेळा तपासून केलेला अल्बम हाच खरा. कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग म्हणजे काय? निम्मी चूक आणि निम्मी शिट्टी!"

"मास्तर," चष्मेवाली म्हणाली, "स्टुडिओतलं गाणं म्हणजे पासपोर्टचा फोटो. माणूस तोच, पण हसायला बंदी."

मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "वा! याला म्हणतात बोलणं!"

माईनं कप ठेवले. इतक्या वर्षांत ती यापेक्षा कितीतरी झणझणीत बोलली होती. त्या मांडीवर कधी थाप पडली नव्हती.

"वहिनी, साखर जरा कमीच झाली," मास्तर म्हणाले.

"जिभेवर आहे ती वापरा की, मास्तर. दिसतेय तेवढी," माई म्हणाली आणि आत गेली.

नवा चष्मा काही मिस्त्रींच्या नाकावर ठरेना. एकदा घसरला म्हणून दुकानात गेले, एकदा टोचतो म्हणून गेले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा माईनं पायात चप्पल सरकवली.

"तू कशाला?"

"मलाही दिसत नाही हल्ली नीट. बरंच काही दिसत नाही."

दुकान लहान, आरशांनी भरलेलं. जिकडे पाहावं तिकडे चष्मेवालीच. तिनं मिस्त्रींच्या कानामागे बोटं घातली, काडी किंचित वाकवली, पुन्हा घातली, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. काम होतं तिचं, दुसरं काही नव्हतं. माईलाही ते कळत होतं. पण कळून काय उपयोग? हे मात्र त्या बोटांखाली न्हाव्याकडे बसवलेल्या पोरासारखे गप्प बसले होते, आणि घरी कानातलं औषध घालताना हाच माणूस साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

"मिस्त्री, तुमच्या त्या टेपच्या साफसफाईचं काम होत आलं बरं का," चष्मेवाली म्हणाली. "या रविवारी आणते."

"कावळीची टेप?"

"हो, तीच. आणि एक सांगायचं राहिलंच. मीही होते त्या कार्यक्रमाला! शाळेत होते. मामानं खांद्यावर बसवून दाखवला."

मिस्त्रींचा चेहरा असा उजळला की माईनं दुसरीकडे पाहिलं. "काय सांगता! तुम्ही होता? त्या मैदानात?"

कावळी हे कुठल्यातरी गाणाऱ्या टोळीचं नाव असावं, असं माई वर्षानुवर्षं धरून चालली होती. पण मैदान तिला कळलं. मैदान एकच होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि हे तिला नवी साडी नेसवून सिनेमाला नव्हे, नाटकाला नव्हे, तर त्या कान फाडणाऱ्या कार्यक्रमाला घेऊन गेले होते.

मीही होते, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. पण आपण कशाला सांगायचं? शेजारी उभा आहे ना सांगणारा. त्यानं सांगावं, अहो, हीसुद्धा होती तिथे. चार शब्द. माई वाट पाहत राहिली. मिस्त्री मांडव कुठे होता, ढोलवाला कुठे बसला होता, दिवे कधी गेले, सगळं सांगत सुटले. ते चार शब्द काही आले नाहीत.

"माई, तुमचे डोळे तपासू?" चष्मेवालीनं विचारलं.

"राहू द्या. मला जे बघायचं होतं ते दिसलं."

रविवारी सूनच म्हणाली, "आई, आज बाहेर ती टेप लावणार आहेत. तुम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घ्याल ना, नेहमीसारखं?"

नेहमी माई दार लावून घेई. आज नाही लावलं. कप मांडायच्या निमित्तानं ती पडद्याआड उभी राहिली.

"आधी मूळची ऐका," चष्मेवालीनं सांगितलं. तिनं मांडीवरच्या कॉम्प्युटरची वायर मिस्त्रींच्या मोठ्या स्पीकरना जोडली होती. कॅसेटच्या जुन्या मशीनवर जे आजवर पाण्याखालून आल्यासारखं वाजे, ते आता लख्ख ऐकू यायला लागलं. हजारो माणसांचा कल्ला. ढोल. मग गिटार एकटीच वर चढू लागली, आणि एकदम, अगदी कानाशी, एक बाई बोलली.

"अहो, पाय दुखले माझे. किती वेळ चालणार हे?"

बाहेर हशा पिकला; गप्प राहायचा नियम तबकडीपुरताच होता. "आली बघा कावळी!" मास्तर म्हणाले.

माईला तो आवाज आधी आपल्या धाकट्या बहिणीचा वाटला. कोवळा, तोरा असलेला.

"त्या बिचाऱ्याला कुणी पाणी तरी द्या. घसा बसलाय त्याचा."

पुन्हा हशा. माईनं हातातली बशी खाली ठेवली. हे शब्द तिचे होते. तो छोटा टेपरेकॉर्डर यांनी मित्राकडून मागून आणला होता, तिच्या कापडी पिशवीत लपवला होता आणि सांगितलं होतं, मांडीवर धर, हलवू नकोस. ती पूर्ण वेळ धरून बसली होती. हात अवघडले तरी हलली नव्हती. बोलू नकोस असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

गिटार आता रडायला लागली होती. आणि तिच्यावरून तो आवाज पुन्हा आला, या वेळी हळू.

"अहो... रडताय? असू दे, असू दे. अंधार आहे. कुणी बघत नाही."

"हीच ती जागा!" मास्तर कळवळले. "एवढी सोन्यासारखी जागा, आणि ही बया कुणाचं तरी नाक पुसतेय! किती वर्षं शिव्या घालतोय मी हिला. नकला होऊन गावोगाव गेली हो ही टेप, आणि जिथे गेली तिथे लोकांनी हिच्या नावानं बोटं मोडली."

"होती तरी कोण?" चष्मेवालीनं विचारलं.

"कोण जाणे," मिस्त्री म्हणाले. "मागच्या रांगेत बसली होती कुणीतरी."

माईनं पडदा मुठीत धरला. सून मागे येऊन उभी राहिली होती. तिनं एकदा सासूकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "आई..." ती कुजबुजली. माईनं बोटानंच तिला गप्प केलं.

"आता माझी ऐका," चष्मेवाली म्हणाली. "पंधरा दिवस बसले आहे यावर."

पुन्हा तोच कल्ला, तोच ढोल. गिटार वर चढू लागली. पाय कुणाचेच दुखले नाहीत. पाणी कुणीच मागितलं नाही. गिटार रडत गेली, एकटीच, नितळ, पार शेवटपर्यंत. धुऊन काढलेल्या काचेसारखी. काम खरंच सुरेख झालं होतं, माईला काही कळत नसूनही ते कळलं.

माई पडद्याच्या फटीतून यांच्याकडे बघत होती. मिस्त्रींनी नेहमीसारखे डोळे मिटले होते. ती हळू बोललेली जागा आली, आणि गेली, तसे त्यांनी एकदम डोळे उघडले. डावीकडे पाहिलं. डावीकडे रिकामा स्टूल होता. बस थांबली नाही की माणूस जसा तिच्या मागे बघत राहतो, तसे ते त्या स्टुलाकडे बघत राहिले.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. "उडाली!" मास्तर ओरडले. "उडाली एकदाची कावळी! मिस्त्री, आता ही जुनी टाका फेकून."

मिस्त्री हसले. मनापासून नाही, पण हसले.

माईनं पदर खोचला, ट्रे उचलला आणि पडदा बाजूला सारून खोलीत आली.

"उडाली नाही, मास्तर," ती म्हणाली. "चहा घेऊन आलीये."

आवाज आता जाडा झाला होता, वयानं खरखरीत झाला होता. पण तो तोरा तोच होता. मास्तरांचा हात कपाकडे निघाला होता तो मध्येच राहिला. त्यांनी माईकडे पाहिलं, मग मिस्त्रींकडे, मग जमिनीकडे.

"वहिनी, म्हणजे... मी आपलं गमतीनं..."

"इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन मला शिव्या घातल्यात. पचला बरा तुम्हाला."

कुणी हसलं नाही. मिस्त्री उठून उभे राहिले. नाकावरचा नवा चष्मा काढून त्यांनी हातात घेतला. तो पुसावा की पुन्हा घालावा, ते त्यांना ठरवता येईना.

"मागच्या रांगेत कुणी नव्हतं, मास्तर," ते म्हणाले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

मिस्त्री चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिले. माईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. उत्तर तिला ठाऊक होतं. बायको सांगितली असती तर रडणाराही सांगावा लागला असता. चार माणसांत डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून या माणसानं तिला मागच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. राग आला होताच. तो रात्री बघू. आत्ता तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

चष्मेवालीचा चेहरा पडला होता. "माई, शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं. मूळची आहे माझ्याकडे. तुमचा आवाज जसाच्या तसा परत घालते. आत्ताच्या आत्ता घालते, बघा."

तिची बोटं कॉम्प्युटरवर धावायला लागली. चांगली बाई होती. माईला तेही सलत होतं. ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

माईनं एकेक कप उतरवला. मास्तरांचा, दुसऱ्यांचा, चष्मेवालीचा. शेवटचा कप तिनं मिस्त्रींच्या हातात नेऊन दिला. मग तो डावीकडचा स्टूल पायानं जवळ ओढला आणि त्यावर बसली. या खोलीत रविवारी ती पहिल्यांदाच बसत होती.

"राहू दे गं," ती चष्मेवालीला म्हणाली. तुम्हीवरून ती तूवर आली, ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. "घालू नकोस काही परत. काम चोख केलंयस. तुझे कान तयार आहेत, माझे नाहीत, मान्य आहे मला. त्या मैदानात तूही होतीस, तेही मान्य. पण बाई, हे रडले तेव्हा शेजारी मी होते, आणि ते काही तुला पुसता यायचं नाही."