हॉलिसनं सांगितलेली काडतुसं

टोकाला तांबडं बूच — गोळीच्या पोकळ तोंडात रबराचा इवलासा गोळा बसवलेला. डॉइलनं ते काडतूस चिमटीत धरून खिडकीकडे फिरवलं. लिपस्टिक लावलेली ही बया माझ्या घरात आली कशी... कशी आली ते त्याला चांगलं ठाऊक होतं. हॉलिसनं सांगितली होती. महिनाभर लोरीन दर शनिवारी त्याच्याकडे पिस्तूल शिकायला जात होती आणि घरी आली की तोंडात हॉलिसच हॉलिस — हॉलिस म्हणतो बूच असलं की समोरच्याच्या कपड्याचा बोळा गोळीच्या तोंडात शिरत नाही, गोळी अंगात नीट फुलते. हॉलिस म्हणतो आखूड नळीच्या पिस्तुलाला आखूड नळीचीच गोळी हवी. आणि नवरा काय म्हणतो? अर्कान्सासच्या या डोंगरात दुधाचे दात पडायच्या वयापासून ज्याच्या हातात बंदूक आहे, त्याला कुणी विचारलं?

"खाणार आहेस का ती?" चुलीपाशी ग्रेव्ही ढवळत लोरीन म्हणाली.

"तुझ्या मास्तरांनी निवडलीय. चवीलाही बरी असेल."

"हॉलिसच्या कमरेत ऑपरेशन करून लोखंडी सळई घातलीय, डॉइल. त्याचा कसला हेवा करतोस?"

"हातात नाही ना घातली."

ती हसली, आणि हसली याचाच त्याला जास्त राग आला.

लोरीन घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची. खडीच्या रस्त्याला अगदी शेवटी एक घर, तिथल्या म्हातारीचा दारुडा भाचा — त्यानं मागच्या महिन्यात हिच्या गाडीपुढे आपला ट्रक आडवा लावला आणि नुसता बघत बसला. बराच वेळ. हे तिनं आधी हॉलिसला सांगितलं. मला नंतर, ताटं विसळताना, सहज सांगावं तसं. आधी त्याला... सोमवारी ती पुन्हा तिथं जाणार होती, आणि पिस्तुलात काय भरायचं ते आज ठरायचं होतं.

डॉइलनंही आपल्या पसंतीच्या काडतुसांची डबी आणली होती. जड गोळी, बाप वापरायचा त्या वळणाची.

जेवण झाल्यावर दोघं मागच्या कुरणात मातीच्या बांधासमोर गेली. दुधाचे रिकामे कॅन पाण्यानं भरून एकामागे एक मांडले, पुढच्यावर जुन्या जीनचं कापड टाकलं. डॉइलची गोळी सगळे कॅन भेदून बांधात घुसली. त्यानं ती उकरून काढली — तोंडात जीनचा बोळा, जशी गेली तशीच, न फुललेली. हॉलिसची गोळी तिसऱ्या कॅनमध्येच सापडली, फुलून पाकळ्या उलगडलेली. लोरीननं दोन्ही गोळ्या कॅनवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

"फुलणं वेगळं आणि चालणं वेगळं," तो म्हणाला. "न अडकता चालली तर खरी. उडव."

ती उडवायला लागली. तो मागं उभा राहिला, हाताची घडी घालून. हॉलिस असा नसेल उभा राहत... तो पाठीशी येत असेल, दोन्ही मनगटं धरत असेल, शिकवायचं म्हटलं की धरावीच लागतात. मीही तसंच शिकवलं असतं. पण ती मला म्हणाली कुठे शिकव म्हणून — आणि का म्हणेल, लग्नाच्या वर्षी ट्रकचे गिअर शिकवताना मी एवढा ओरडलो की ती उतरून घरापर्यंत चालत गेली होती, रडत... मॅगझिनमागून मॅगझिन रिकामं होत होतं, पुंगळ्या गवतात पडत होत्या, आणि दर गोळीला डॉइल आतल्या आत म्हणत होता, अडक. अडक ना. एकदाच अडक.

आणि अडकली.

छातीत काहीतरी गोड सांडल्यासारखं झालं त्याला. मग लोरीन वळली. रिकामी पुंगळी पिस्तुलाच्या वरच्या खाचेत आडवी फसलेली आणि तिचा चेहरा पांढरा.

"तिथं असं झालं असतं तर?" ती म्हणाली. "काडतूस खराब आहे का रे?"

त्यानं पाहिलं होतं. काडतुसाचा काही दोष नव्हता. हात दमून तिचं मनगट ढिलं पडलं होतं, आणि पिस्तूल एवढंसं असलं की ढिलं मनगट चालत नाही, पुंगळी अडकते. हे सांगितलं की हॉलिस खरा. नुसती मान हलवली की सोमवारी तिच्या कमरेला माझी गोळी. न फुलणारी. खडीचा रस्ता, आडवा ट्रक... आणि मी अडक म्हणत होतो. कुणाच्या हातात अडक म्हणत होतो मी?

"मनगट ढिलं सोडलंस," तो म्हणाला. "काडतूस बरोबर आहे."

"हॉलिसही तेच म्हणतो. मनगट, मनगट."

अर्थात. म्हणणारच.

"पुन्हा भर," ती म्हणाली, आणि डॉइल तांबड्या टोकाची काडतुसं एकेक करून मॅगझिनमध्ये दाबायला लागला. स्प्रिंग कडक होती, अंगठा दुखत होता. ती पाय रोवून उभी राहिली, मनगटं ताठ. त्यानं तिला धरलं नाही, जवळ गेला नाही. पहिला बार झाला, दुसरा झाला, आणि आता त्याच्या लक्षात आलं की तो श्वास रोखून उभा आहे — त्या माणसाचं खरं ठरू दे, एकूण एक खरं ठरू दे, असं मनाशी म्हणत, आणि हे म्हणावं लागतंय म्हणून त्या माणसाचा पहिल्यापेक्षा जास्त द्वेष करत.