पीडितेस चहा दिला

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसणाऱ्याला कीर्तनात झोप लागते आणि गोष्टीतलं नेमकं तेवढंच निसटतं. आज तुम्हाला एका मनगटाची गोष्ट सांगतो. मनगट आमच्या रखमाचं. गोष्टीत देव कुठे दिसणार नाही, पण तो होता असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असलं तरी शेवटी प्रसाद सगळ्यांना आहे.

पोलादपूरकडून कापड्याच्या पुढे डोंगराला लागलं की आमचं करंजटेप. साठ उंबरे, त्यातले निम्मे कुलपात, माणसं मुंबईला. उरलेल्यांचं भजनी मंडळ आहे. वेशीवर पाटी आहे : तंटामुक्त गाव. पाटी लागल्यापासून गावात तंटे होत नाहीत असं नाही, पण ते कुणी लिहून घेत नाही.

खाली रस्त्याला पोलिसांचं दूरक्षेत्र आहे. म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि गोमाजी हवालदार. पोलिसांवर गावाचं लक्ष असावं, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आधार मिळावा, म्हणून तिथे दक्षता समिती नेमायचा हुकूम वरून आला. गोमाजींना सात माणसं हवी होती. वेळेवर येणारी आणि वाद न घालणारी म्हणून त्यांनी चार आमच्या मंडळातून घेतली. त्यात मी एक, सोनबा टाळकरी.

टाळकऱ्याचं काम तुम्हाला ठाऊक आहे. बुवांनी चरण सोडला की तो मागून उचलायचा. काय सोडला ते बघत बसायचं नाही, नाहीतर लय जाते. चाळीस वर्षं हेच केलं की माणसाचं तोंड त्याच्या हातात राहत नाही. बैठकीच्या शेवटी गोमाजी खाकरायचे आणि लांबवून म्हणायचे, "एकंदरीत सर्व सुरळीत आहे..." आम्ही चौघं उचलायचो, "सुरळीत आहे." उरलेले दोघे आमच्या मागून. सातवी जागा बाईमाणसाची, ती रिकामी होती. मग वहीत जायचं : एकमताने.

आता रखमा. नवरा गेलेला, मुलगा मंगेश मुंबईला. वाडीच्या टोकाला एकटीच राहते. दिवाळीनंतर भाताची कापणी झाली तेव्हा शेजारच्या हैबतीला त्याचा छोटा टेम्पो तिच्या खाचरातून न्यायचा होता. ती बांधावर आडवी उभी राहिली. म्हणाली, "माझा वाल पेरलाय, वरच्या वाटेनं जा." हैबतीने दांडका घातला. उजवं मनगट मोडलं.

हा हैबती आमचा पखवाजवाला. त्याच्यासारखी थाप महाड-पोलादपुरात दुसरी नाही, हे मी आजही म्हणेन. माघात आमचा सप्ताह. आता सगळं मिळून बघा म्हणजे तुम्हाला कळेल की मंडळातल्या कुणालाच ते मनगट नीट का दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. मी तर तिला 'गो रखमे' म्हणून लहानपणापासून हाक मारतो.

रखमा फिर्याद द्यायला गेली. गोमाजी वाईट माणूस नव्हे. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, कोऱ्या कागदावर अर्ज लिहून अंगठा घेतला, तोही डावा, कारण उजवा प्लास्टरमध्ये. गुन्हा नोंदवला नाही. तंटामुक्त गाव, सामोपचाराने मिटवू, म्हणाले. सामोपचार म्हणजे दर बैठकीला रखमाने आणि हैबतीने पडवीतल्या एकाच बाकावर येऊन बसायचं. दोघांना चहा. वहीत 'पीडितांना साहाय्य' असा एक रकाना आहे. त्यात गोमाजी सुवाच्य अक्षरात लिहीत : पीडितेस चहा दिला.

तोवर ती हैबतीच्या भीतीने कापड्याला बहिणीकडे राहायला गेली होती. फुकट बसून खाणं बरं दिसेना, म्हणून तिने स्वतःच प्लास्टर आठ दिवस आधी काढून भांडी घासायला सुरुवात केली. मनगट वाकडं जुळलं.

पौषातल्या बैठकीला ती दारातच उभी राहिली. "हवालदारसाब, मला चाय नको. माझा कागद झाला का?"

"झालाय की, रखमाबाय. अर्ज आहे ना तुझा."

"अर्जाला कोन भितो? काल वाल बघायला गेले तर त्यानं त्यात गुरं सोडली. म्हनला, काकी, दुसरा हात हाय ना अजून. मी घरला कशी जाऊ?"

बाकावरून हैबती म्हणाला, "काकी, चहा थंड होतोय."

गोमाजी खाकरले. सर्व सुरळीत आहे. आम्ही उचललं.

पण त्या दिवशी सातवी खुर्ची भरली होती. समितीत बाई हवीच असं वरून पत्र आलं होतं, म्हणून ललिताबाईंना घेतलं होतं. बाई मूळच्या तुडीलच्या, बौद्धवाडीतल्या. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आता पोलादपुरात असतात. निम्म्या करंजटेपला त्यांनी पाढे शिकवलेत. आल्या आल्या त्या मला "जय भीम, सोनबा" म्हणाल्या, मी "राम कृष्ण हरी, बाई" म्हणालो, आणि दोघांचंही पोचलं.

बाईंनी आमच्याबरोबर उचललं नाही. त्यांनी वही मागितली आणि मागच्या पानांपासून आजच्या पानापर्यंत मोठ्याने वाचलं. "कार्तिक. पीडितेस चहा दिला. मार्गशीर्ष. पीडितेस चहा व बिस्किट दिले. पौष. पीडितेस चहा दिला." मग चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "गोमाजी, बिस्किट का बंद केलं?"

"पुडा संपला, बाई."

"बरं. हाड मोडलं की गुन्हा नोंदवावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण समितीचं म्हणणं सुरळीत आहे असं पडतं. एकमताने."

बाईंनी आमच्या चौघांकडे बघितलं. उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या पोराकडे बघतात तसं. मग एसटी धरून गेल्या.

पुढची बैठक सप्ताहाच्या आठ दिवस आधी. बाई वेळेआधी आल्या. पडवीत बाकावर रखमा आणि हैबती नेहमीसारखे बसले होते. बाई रखमाला म्हणाल्या, "ऊठ गो, आत माझ्याजवळ बस." खुर्ची नव्हती, तर गोमाजींची ओढून घेतली. गोमाजी उभेच राहिले.

बैठक झाली. रस्त्यावरची गुरं, यात्रेचा बंदोबस्त, सगळं झालं. गोमाजींनी खाकरायला तोंड उघडलं, आणि त्याच्या आत बाईंनी, वर्गाला पाढा सांगतात त्या सुरात, शेवटचा शब्द लांबवून सोडला :

"रखमाची फिर्याद आजच नोंदवून घ्यावी..."

आम्ही उचललं. "आजच नोंदवून घ्यावी."

बाईंनी दम घेतला आणि पुन्हा म्हणाल्या, "आजच नोंदवून घ्यावी..."

दुसऱ्यांदा आम्ही जास्त चांगलं उचललं. मागचे दोघेही सुरात आले. आणि चरण संपला तिथे, अगदी जिथे पडायची तिथे, बाहेर पडवीतल्या बाकावर समेची थाप पडली. हैबतीची. त्याचा तरी काय दोष, हात आहे, गेला.

गोमाजींनी पेन धरलं होतं, पण टेकवलं नव्हतं.

"हे... ठरावात धरायचं का?"

"एकमताने झालंय," बाई म्हणाल्या. "लिहा."

गोमाजी माझ्याकडे वळले. "अण्णा, तुम्ही खरंच म्हणालात, की सवयीने गेलं?"

आता खरं सांगायचं तर सवयीने गेलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर पेन खाली ठेवलं गेलं असतं. सप्ताहाला पखवाज राहिला असता. दारातून हैबती माझ्याकडे बघत होता, मीही त्याच्याकडे बघितलं, आमची वीस वर्षांची साथ. मग माझी नजर रखमाच्या मांडीवर गेली. कीर्तनात ती कायम पुढे बसते, आणि तिची टाळी म्हणजे दोन टाळकऱ्यांना भारी. ते वाकडं मनगट मांडीवर पालथं पडलं होतं. तिने ते झाकलं नव्हतं, पुढेही केलं नव्हतं. मला एकदम आठवलं की दिवाळीपासून तिची टाळी ऐकलेली नाही, आणि ऐकली नाही हे माझ्या लक्षातही आलेलं नाही.

मी म्हणालो, "उचललेला चरण खाली टाकता येत नाही, हवालदार."

बाकीचे तिघे म्हणाले, "टाकता येत नाही."

गोमाजींनी ठराव लिहिला आणि तिथेच रखमाची फिर्यादही घेतली. लिहिल्यावर त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला असं मला वाटलं. ठरावाची नक्कल वर जाते, त्यामुळे दोन दिवसांत वरून फोन आला की फिर्याद कुठे आहे, आणि गोमाजी म्हणू शकले की केव्हाच घेतली. दवाखान्याचा कागद लागला, तो बाईंनी रखमाला सोबत नेऊन आणला. हैबतीला अटक झाली. महाडच्या कोर्टात जामीन झाला, पण निकाल लागेपर्यंत रखमाच्या घराकडे आणि शेताकडे फिरकायचं नाही अशी अट घातली. तो आता मेव्हण्याकडे असतो. टेम्पोही तिकडेच.

सप्ताह पखवाजाशिवाय झाला. वाईट झाला, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी लय इतकी सुटली की बुवा मध्येच थांबून पाणी प्यायले. मंडळातली दोन माणसं माझ्याशी बोलत नाहीत. वेशीवरची पाटी आहे तशीच आहे, ती काढायची तर ठराव लागतो.

रखमा घरी गेली. एकटी सोडायची नाही असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून गोमाजी स्वतः गणवेशात तिचं बोचकं घेऊन डोंगर चढले. निम्मा वाल गुरांनी खाल्ला होता. उरलेल्याची तिने त्याच दिवशी उसळ केली. फाल्गुनातल्या बैठकीत मी वही बघितली. रकान्यात लिहिलं होतं : पीडितेस घरापर्यंत सोबत केली. चहा पीडितेने दिला.

त्या सप्ताहाच्या काल्याच्या कीर्तनाला ती आली होती. पुढेच बसली. दोन्ही हात जुळून येत नाहीत, तर डावा हात मांडीवर मारत होती. आवाज फारसा होत नव्हता.

तेव्हा एवढंच करा. आता घरी जाल, उद्या-परवा कुठे ना कुठे कीर्तनाला बसाल, बुवा चरण सोडतील आणि तुमचे हात आपोआप वर जातील. टाळी वाजायच्या आधी, अर्धी मात्रा गेली तरी चालेल, आमच्या रखमाला आठवा.