चौथ्या ठाण्यावरची नोंद

आमच्या सासूबाईंनी सव्वीस वर्षं सलाइनच्या कारखान्यात बाटल्या उजेडासमोर धरून आत कण आहे का ते पाहिलं. एका बाटलीला चार सेकंद. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही त्यांनी जास्त वेळ घेतला नव्हता. त्यातून मी पास झालो, हे माझ्याकडचं एकमेव भरवशाचं प्रमाणपत्र.

निवृत्तीनंतर त्या आकाश पाहणाऱ्यांच्या मंडळात जाऊ लागल्या. मंडळ म्हणजे कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर आणि त्यांचं ऐकून घेणारी पाच-सहा माणसं. बाकीच्यांना शनीची कडी वगैरे देखणं काही हवं असे. सासूबाईंनी निवडला एक लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये असले दगड ढिगाने फिरतात. ह्याला तर कुणी नावही ठेवलेलं नव्हतं, नुसता नंबर. दुर्बिणीतून तो फिकट ठिपका दिसतो, शेजारच्या शंभर ठिपक्यांसारखाच. फरक एवढाच, की दुसऱ्या दिवशी तो किंचित सरकलेला असतो. रोज जेवण उरकून सासूबाई गच्चीवर जात, वहीत सगळे ठिपके काढत, कालच्या पानाशी ताडून पाहत आणि हललेल्याभोवती गोल करत. एकदा मीही दुर्बिणीला डोळा लावला. मला माझ्याच पापण्या दिसल्या.

मग सरांनी बातमी आणली. हा दगड एका ताऱ्यासमोरून जाणार आणि काही सेकंद त्याला झाकणार. त्या वेळी दगडाची सावली आमच्या भागावरून सरकेल. तिच्या वाटेत पंधरा-पंधरा किलोमीटरवर सात माणसं बसवायची. प्रत्येकाने तारा कधी विझला, कधी उजळला ते टिपायचं, आणि त्यावरून दगडाचा आकार काढायचा. चौथं ठाणं, म्हणजे अगदी मधलं, आमच्या गच्चीवर. बाकी सगळ्यांच्या दुर्बिणींना कॅमेरे होते. सासूबाईंकडे सेकंदाला टिक करणारं घड्याळ, रेकॉर्डिंग चालू ठेवलेला मोबाईल आणि मी.

वेळ होती रात्री आठ वाजून सतरा मिनिटांची. सासूबाईंनी डोळा लावला आणि प्रत्येक टिकेला ‘आहे’ म्हणायला सुरुवात केली. तारा आहे, म्हणून ‘आहे’. कारखान्यात त्या प्रत्येक बाटलीला असंच ‘चालेल’ म्हणत. तीन मिनिटं ह्या बाई हलल्या नाहीत की त्यांचा आवाज वरखाली झाला नाही. मला राहवेना. काहीतरी मदत करावी म्हणून मी चहा हवा का ते विचारलं. रेकॉर्डिंगमध्ये ते असं आहे: आहे, आहे, आहे, नको, आहे, आहे.

तारा विझलाच नाही.

सकाळी बाकीच्यांचे आकडे आले. तिसऱ्या ठाण्यावरच्या बेकरीवाल्याचा तारा चार सेकंद विझला होता, पाचव्या ठाण्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा पाच सेकंद. दोन्ही बाजूंना दगड आहे, तर मध्ये तो नसेल कसा? सर घरी आले आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, की थकव्याने असं होतं. मग त्यांनी रेकॉर्डिंगमधला माझा चहा तीनदा वाजवून दाखवला. ‘नको’ म्हणायला काही पाच सेकंद लागत नाहीत, हे मी सांगून पाहिलं. पण एकदा लक्ष उडालं, की जीभ सवयीने बोलत राहते, असं सरांचं म्हणणं. बायकोने माझ्याकडे फक्त पाहिलं आणि आईसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. सव्वीस वर्षं ज्या नजरेवर हॉस्पिटलं विसंबून होती, तिच्याबद्दल आता आमच्या स्वयंपाकघरात कुजबुज चालली.

एका चुकीच्या नोंदीने सगळा आकार बिघडेल, म्हणून चौथं ठाणं गाळूया, असं सरांनी सुचवलं.

“गाळा की,” सासूबाई म्हणाल्या. “फक्त कारण लिहा आणि खाली सही करा.”

“कारण काय... बाईंना नीट दिसलं नाही, एवढंच.”

“मला नीट दिसलं, सर. तारा दिसला. तुमच्या मनात होतं ते दिसलं नाही, असं लिहा हवं तर.”

सरांनी बराच वेळ पेन कागदावर धरलं. माणूस प्रामाणिक, त्यामुळे हात पुढे सरकेना. शेवटी त्यांनी नोंद तशीच ठेवली, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं आणि सातही नोंदी पाठवून दिल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वयाच्या मानाने उत्तम असा शेरा दिला, पण तो शेरा आकाशाला लागू होत नाही, असं मंडळाचं मत पडलं.

सर पुन्हा आले ते तीन महिन्यांनी, न कळवता, हातात एक कागद घेऊन. नोंदी जिथे जमा होतात, तिथल्या लोकांना त्या प्रश्नचिन्हाने झोपू दिलं नव्हतं. त्यांनी रेकॉर्डिंग मागवलं, चहासकट ऐकलं आणि एका मोठ्या दुर्बिणीला त्या दगडाकडे बघायला लावलं. दगड एक नव्हता. दोन होते, एकमेकांभोवती फिरणारे, मध्ये थोडी फट ठेवून. ताऱ्याचा उजेड त्या फटीतून निघून नेमका आमच्या गच्चीवर उतरला होता आणि तिथे नेमक्या सासूबाई बसल्या होत्या. माझ्यासारखा कुणी असता, तर दोन्ही बाजूंचे आकडे ऐकून दुसऱ्या दिवशी आपलाही तारा विझवून मोकळा झाला असता.

कागदावर आकृती होती. प्रत्येक ठाण्याची एक आडवी रेघ. तारा विझला तिथे ती तुटलेली. तुटलेल्या जागा जोडून दोन ओबडधोबड गोळे काढले होते. मधून गेलेली चौथी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड.

बायकोचे डोळे भरून आले. सर काहीतरी माफीचं बोलू लागले. सासूबाईंनी कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि नेहमीच्या चार सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ पाहिला.

“हा खालचा गोळा माझ्या रेघेला चिकटवलाय,” त्या म्हणाल्या. “इतका जवळ नव्हता तो. तारा जरासुद्धा मंद झाला नव्हता.”

सरांनी खिशातून पेन काढलं. “किती लांब घेऊ?” त्यांनी विचारलं.